तारागोनाची भिंत आणि चाळीस मिनिटं

स्पेनमध्ये भूमध्य समुद्राच्या काठी तारागोना नावाचं शहर आहे. तिथे मी चार दिवस राहून आलो. शहर रोमन लोकांच्या काळापासूनचं आहे, किनारा चांगला आहे, मासे ताजे मिळतात. हे सगळं मी पुढे सांगणारच आहे. पण आधी हे सांगून टाकलेलं बरं, की या प्रवासात मी सतरा जपानी माणसांना चाळीस मिनिटं ताटकळत ठेवलं. जपानमध्ये राहिलेल्या माणसाला या वाक्याचं वजन कळेल. बाकीच्यांनी असं समजावं, की मी कुणाच्या तरी लग्नात मांडव पाडला.

मी तोक्योत हिगाशी-कसाईला राहतो. दहा वर्षं झाली. सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. हे मी कुणी न विचारताही सांगतो, तेव्हा इथेही सांगितलं. आमचं गाव बार्शीजवळ. वडील गवंडी. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. आई त्यांच्याच हाताखाली बिगारी होती, म्हणजे ते वर भिंतीवर आणि ती खालून घमेलं डोक्यावर घेऊन. दोघांनी तालुक्यातली बरीच घरं बांधली आणि मला पुण्याला इंजिनिअरिंगला घातलं. मला नोकरी लागली त्याच महिन्यात मी गावी जाऊन दोघांना सांगितलं, आता थापी उचलायची नाही, घमेलं उचलायचं नाही. त्यांनी ऐकलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अभिमानाची गोष्ट कोणती असं कुणी विचारलं असतं, तर पदवीच्याही आधी मी ही सांगितली असती.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. गेल्या वर्षी मी आप्पांना जपानला आणलं. इथलं सरकार शिक्षण, पगार, वय असं सगळं मोजून गुण देतं, आणि गुण पुरेसे असतील तर मूल लहान असेपर्यंत आजी-आजोबांना सोबत ठेवू देतं, नातवाला सांभाळायला म्हणून. माझे गुण पुरेसे होते. आप्पांना गुणांचं कौतुक नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की किती दिवस. मी म्हटलं, कायमचं बघू.

हिगाशी-कसाईत आप्पांना त्रास काहीच नव्हता. कचऱ्याचे प्रकार त्यांनी दोन आठवड्यांत पाठ केले. बाटलीचं झाकण वेगळं, बाटलीवरचा कागद वेगळा. आमचा अर्णव चार वर्षांचा आहे. तो जपानीत बोलायचा, आप्पा मराठीत उत्तर द्यायचे, दोघांचं भांडण कधी झालं नाही. दुपारी आप्पा फिरायला जायचे आणि कोपऱ्यावरच्या इमारतीपाशी उभे राहायचे. तिथे बांधकाम चालू होतं. जपानमध्ये बांधकामाला चारी बाजूंनी पडदा लावतात, आत काय चाललंय ते अजिबात दिसत नाही. आप्पा पडद्याकडे बघत तासभर उभे राहायचे. तिथला रखवालदार त्यांना रोज वाकून नमस्कार करायचा. मला वाटायचं, बरं आहे, ओळखी होतायत.

आप्पांचं राहण्याचं कार्ड जूनमध्ये संपत होतं. नूतनीकरणाच्या अर्जावर त्यांची सही हवी होती. अर्ज भरून मी टेबलावर ठेवला. आप्पा म्हणाले, करतो की, घाई काय. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. सही होईना. हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. मी त्यांना ओळखतो. घरमालकाने भिंत वाकडी बांधायला सांगितली की ते असेच गप्प बसायचे.

म्हणून स्पेन. मे महिन्यात जपानमध्ये सलग सुट्ट्या येतात. एका टूर कंपनीच्या सहलीत दोन जागा होत्या. परदेश बघतील, खूश होतील, परत येऊन सही करतील, असा माझा हिशेब. सरळ सांगायचं तर ही लाच होती. माझी बायको स्मिता म्हणाली, अर्णवला एवढा प्रवास झेपणार नाही, तुम्ही दोघंच जा आणि एकदा एकमेकांशी बोला. मी म्हटलं, आम्ही बोलतोच की.

पहिला दिवस: आखाडा

विमान आणि बार्सिलोना सोडून देतो. बार्सिलोनाहून आमची बस तासाभरात तारागोनाला आली.

आमच्या गटात आम्ही दोघं आणि सतरा जपानी, बहुतेक सगळे निवृत्त. टूर कंडक्टर मोरिता-सान, म्हणजे आपल्याकडे मोरिताजी, पन्नाशीच्या बाई, हातात निळा झेंडा. त्यांचा एकच नियम होता: दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी जमायचं. सगळेजण दहा मिनिटं आधी जमायचे. ओकुबो-सान नावाचे एक आजोबा पंधरा मिनिटं आधी. त्यांनी जन्मभर एका रेल्वे कंपनीत वेळापत्रकं बनवली होती. त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं होती, एक जपानच्या वेळेचं, एक स्पेनच्या. दोन्ही बरोबर चालत होती.

आप्पांना सगळे पहिल्या दिवसापासून 'ओतोसान' म्हणू लागले. जपानीत वडिलांना असं म्हणतात. आप्पा त्या सतराजणांपेक्षा लहान होते, बासष्टचे, पण मी सोबत असल्यामुळे वडील तेच.

रोमन लोकांचा आखाडा अगदी समुद्राला लागून आहे. वरच्या पायरीवर बसलं की समोर निळं पाणी. मधून रेल्वेचे रूळ जातात. ओकुबो-साननी समुद्राकडे पाहिलं नाही, गाडी वेळेवर आली का ते पाहिलं. इथे योद्धे लढायचे, माणसांना जनावरांपुढे टाकायचे, हे तिथली गाइड स्पॅनिशमध्ये सांगायची, मोरिता-सान ते जपानीत सांगायच्या आणि मी आप्पांना मराठीत. तीन भाषा ओलांडून मजकूर येईपर्यंत सिंह जेवून मोकळा झालेला असायचा.

आप्पांना कोण मेलं यात रस नव्हता. ते पायऱ्या बघत होते. खालच्या पायऱ्या जागच्या खडकातच कोरल्यात, वरच्या तेवढ्या बांधल्यात, असं त्यांनी मला दाखवलं. दगड वाचवला, मजुरी वाचवली, हुशार माणसं. मग त्यांनी विचारलं, की इथे दगड वाहायला बाया किती होत्या. मी जपानीत विचारलं, मोरिता-साननी स्पॅनिशमध्ये विचारलं. गाइड म्हणाली, याची नोंद नाही. आप्पा म्हणाले, नसणारच.

शहराच्या मुख्य रस्त्यावर एक पुतळा आहे, माणसांवर माणसं उभी राहून मनोरा करतात त्याचा. इकडे हा सणासुदीचा खेळ आहे. मी सगळ्या जपानी मंडळींना दहीहंडी समजावून सांगितली. त्यांनी वह्यांमध्ये लिहून घेतलं. आप्पा बराच वेळ पुतळ्याच्या टोकाकडे बघत होते.

"वर हंडी न्हाई," ते म्हणाले. "मग चढत्यात कशाला?"

गाइडने सांगितलं, की वर चढून नीट खाली उतरले तरच मनोरा पूर्ण झाला असं धरतात. हे आप्पांना पटलं. बांधकामाची बांबूंची परांची उतरवून झाल्याशिवाय इमारत झाली म्हणू नये, असं त्यांचंही मत आहे.

संध्याकाळी जेवण. इथे पावावर पिकलेला टोमॅटो चोळतात, वर तेल आणि मीठ. एवढंच. याला ते पदार्थ म्हणतात. पण चांगला लागतो. माशांबरोबर एक लालसर चटणी येते, बदाम, वाळलेली मिरची आणि लसूण वाटून केलेली. जपानी मंडळींनी पिशवीतून आपापली खारवलेली आंबट आलुबुखारं काढली, आम्ही सोलापुरी शेंगदाण्याची चटणी काढली, देवघेव झाली. स्पेनची चटणी आप्पांनी दोनदा घेतली. चटणी हाय, म्हणाले, पण ह्यांच्याकडं बदाम जास्त झालेत.

दुसरा दिवस: पूल

शहराच्या बाहेर थोड्या अंतरावर पाइनच्या जंगलात रोमन लोकांनी पाणी आणायला बांधलेला पूल आहे. दोन मजली कमानी, दगड पिवळसर, सकाळच्या उन्हात भाजलेल्या भाकरीच्या रंगाचा. जायचं असेल तर सकाळीच जा, दुपारी ऊन फार.

आप्पा बसमधून उतरले आणि गाइड सुरू होण्याआधीच एका खांबापाशी गेले. दोन दगडांच्या सांध्यावर नख फिरवलं. मग दुसऱ्या सांध्यावर. मग मला हाक मारली.

"चुना न्हाई," ते म्हणाले. "कशातच चुना न्हाई. नुसता दगडावर दगड ठेवलाय."

गाइडने पाच मिनिटांनी हेच सांगितलं. माझ्यापर्यंत ते आल्यावर मी मोरिता-सानना म्हटलं, हे वडिलांनी आधीच सांगितलंय. त्यांनी गटाला सांगितलं. सगळ्यांनी एका सुरात "ओऽऽ" केलं. मला बरं वाटलं, ते लपवत नाही.

त्यानंतर आप्पा तासभर बोलत होते. वर्षभरात घरात ते एवढं बोलले नव्हते. कमान बांधताना खालून लाकडाचा साचा कसा देतात, मधला दगड शेवटी का बसवतात, साचा काढताना गवंडी खाली का उभा राहतो. मी अठरा वर्षं त्यांच्या घरात वाढलो आणि यातलं मला काही माहीत नव्हतं. मी भाषांतर करत होतो. गळ्यातला टूरचा बिल्ला काढून त्यांनी त्याची दोरी धरली आणि एक डोळा मिटून खांब सरळ आहे का बघितलं. ओळंबा नसेल तर असंही चालतं, म्हणाले. पाच मिनिटांत सतरा जपानी माणसं एक डोळा मिटून, बिल्ला लोंबता धरून पुलाकडे बघत उभी होती. शेजारून जाणाऱ्या स्पॅनिश कुटुंबाने आमचा फोटो काढला.

गावातले लोक या पुलाला सैतानाचा पूल म्हणतात. एवढं काम माणसाचं असणार नाही, म्हणून. आप्पांना हे आवडलं नाही. ज्यानं केलं त्याचं नाव द्यायचं सोडून भुताचं दिलंय, म्हणाले.

दुपारी आखाड्याखालचा किनारा. वाळू बारीक, पाणी मे महिन्यातही गार. इथल्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, चपला काठाला ठेवल्या तर ठेवल्या तिथेच राहतात. स्पॅनिश लोक जवळजवळ काही न घालता झोपलेले, आमचा गट टोपी, हातमोजे आणि छत्र्या घेऊन रांगेत चाललेला. आप्पा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले. मी फोटो काढला आणि स्मिताला पाठवला. खाली लिहिलं, खूश आहेत, सही करतील.

तिसरा दिवस: गल्ली

जुन्या गावात कॅथेड्रलपाशी मोरिता-साननी पाऊण तास मोकळा दिला. सव्वाअकराला पायऱ्यांवर जमायचं.

इथे माझ्याकडून चूक झाली, ती कशी ते सांगतो. जपानमध्ये सुट्टीवर गेलेल्या माणसाने ऑफिसातल्या प्रत्येकासाठी काहीतरी गोड आणायचं असतं. नुसतं गोड चालत नाही. प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या वेष्टनात हवा, म्हणजे टेबलाटेबलावर एकेक ठेवता येतो. माझ्या टीममध्ये बारा माणसं. तारागोनाला बदामाची मिठाई उत्तम मिळते, पण सगळी पसरट लाद्यांमध्ये. आप्पांना पायरीवर बसवून मी एका दुकानात शिरलो. वेगवेगळी बांधलेली का नाही, हे दुकानदाराला समजावण्यात माझा बराच वेळ गेला. तो सारखं म्हणत होता, की कापा आणि वाटा. दहा वर्षांपूर्वी मीही असंच म्हणालो असतो.

बाहेर आलो तेव्हा पायरीवर आप्पा नव्हते.

आप्पांचा फोन लावला. तो माझ्याच पाठीवरच्या पिशवीत वाजला. मी कॅथेड्रलच्या भोवती दोन फेऱ्या मारल्या. सव्वाअकरा वाजले, तेव्हा लांबून मला निळा झेंडा आणि त्याखाली सगळे दिसले, रांगेत, आम्ही दोघं सोडून. दहा वर्षांत मी जपानमध्ये एकदाही उशिरा पोचलेलो नाही. ऑफिसात माझं नाव निघालं की आधी हेच निघतं.

गल्ल्या अरुंद, एकीसारखी दुसरी. इथल्या घरांच्या भिंतींमध्ये खाली रोमन दगड, वर नंतरच्या लोकांचे दगड, वर परवाच्या विटा. एरवी बघत बसलो असतो. अर्ध्या तासाने एका गल्लीच्या वळणावर मला मराठी ऐकू आली.

"पानी मार. अजून. वरच्या अंगाला मार की."

एका घराच्या मागच्या भिंतीची दुरुस्ती चालली होती. कोपऱ्यात कालवलेल्या चुन्याची, गवंड्यांच्या भाषेत मालाची, बादली होती. पन्नाशीची एक बाई, चुन्याने माखलेली पँट, ब्रशने दगडांवर पाणी मारत होती. वरच्या अंगाला. तिच्या शेजारी आप्पा उकिडवे बसून, तिची थापी हातात धरून, दोन दगडांमधला सांधा चुन्याने भरत होते. दर्जा भरणं म्हणतात त्याला. दोघं आपापल्या भाषेत बोलत होती आणि दोघांचंही उत्तर बरोबर येत होतं.

मी धावत गेलो आणि त्या बाईपुढे कमरेत वाकून तिची माफी मागितली. जपानीत. ती माझ्याकडे बघत राहिली.

मग मी आप्पांकडे वळलो. "आप्पा, ठेवा ती थापी."

हे मी नोकरी लागल्यावर म्हणालो होतो त्याच आवाजात म्हणालो. आप्पांनी वर बघितलं. मग थापी बादलीच्या कडेवर ठेवली, हात धुतले, उठले. अर्धा सांधा भरलेला, अर्धा उघडा. बाई काहीतरी म्हणाली, बहुधा राहू द्या असं. मी आप्पांचा दंड धरून निघालो.

पायऱ्यांवर सतराजण उभेच होते. कुणी रागावलेलं नव्हतं. रागावले असते तर बरं झालं असतं. मी वाकलो, आप्पांनाही वाकायला सांगितलं. तेही वाकले. मोरिता-सान फोनवर जेवणाची वेळ पुढे ढकलत होत्या. बसमध्ये मी एकेका रांगेपाशी जाऊन पुन्हा वाकलो. ओकुबो-सानच्या रांगेपाशी आलो, तेव्हा त्यांनी विचारलं, ओतोसान करत काय होते.

मी सांगितलं, ते गवंडी आहेत, भिंत दिसली, बसले.

"सांधा भरून झाला होता?"

नव्हता, मी म्हटलं.

"मग मध्येच उठवलंत?"

हो म्हटलं. ओकुबो-साननी दातांमधून आत हवा ओढली. जपानमध्ये हा आवाज काहीतरी बिघडलं की करतात, चांगल्या गोष्टीला कधीच नाही. चाळीस मिनिटांचं काही विशेष नाही, म्हणाले, ती दुपारपर्यंत भरून काढता येतील, मी बघतो. मग वही काढून वेळा मांडायला लागले. माझ्या उशिराबद्दल जे वाटायला हवं होतं, ते त्यांना अर्धवट सोडलेल्या सांध्याबद्दल वाटत होतं, हे मला कळलं. मी माझ्या जागेवर जाऊन बसलो.

तोच दिवस, दुपार

मंडळी संग्रहालयात गेली. मी आणि आप्पा किनाऱ्यावर बसलो. एक माणूस कुत्र्याला पोहायला शिकवत होता. कुत्र्याला येत होतं.

"ती बाई गवंडी हाय," आप्पा म्हणाले.

मी म्हटलं, दिसलं मला.

"बिगारी न्हवं. गवंडी. थापी तिची सवताची हाय." मग थोड्या वेळाने: "तुझी आई खालनं घमेलं द्यायची. सांधा कुठं चुकला ते खालनंच सांगायची. कधी खोटं ठरलं न्हाई तिचं. पर मी काय तिच्या हातात थापी दिली न्हाई. नको म्हणून न्हवं. मला सुचलंच न्हाई कधी."

मी म्हटलं, तेव्हा तसंच होतं, आप्पा.

ते म्हणाले, व्हय, तसंच हुतं.

मग त्यांनी सांगितलं, की दिवाळीत गुरुजींचा फोन आला होता. गुरुजी म्हणजे आमच्या गावच्या शाळेतले जुने मास्तर. गावाबाहेर आमची बारव आहे, दगडी, पायऱ्यांची विहीर, पन्नास वर्षं गाळाने भरलेली. मी लहानपणी तिच्यात फक्त बाभळी पाहिल्यात. पोरांनी मिळून ती उपसली. आता आतल्या भिंतींचे सांधे भरायचेत, आणि सिमेंट चालत नाही, चुनाच हवा. चुन्याचं काम येणारा माणूस तालुक्यात एकच उरलाय.

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"पोरगा नको म्हणतो, म्हटलं."

मी पुष्कळ बोललो. तुम्हाला आराम मिळावा म्हणून मी एवढं केलं, म्हटलं. उन्हात, या वयात, परांचीवर. लोक म्हणतील, पोरगा जपानमध्ये बसलाय आणि बाप अजून थापी घेऊन फिरतोय. मी काय तोंड दाखवू. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"आराम झाला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजे काय. वरीसभर झाला. झाला आराम."

"आणि लोक?"

"लोक म्हणतील गवंडी हाय. हायच की मी."

कॉलेजात असताना मला वादविवाद स्पर्धेत तीन वर्षं बक्षीस होतं. इथे मला एकही मुद्दा सुचला नाही. सुचला तो असा, की मी सगळ्यांना अभिमानाने सांगत आलो ती गोष्ट करताना मी या माणसाला विचारलं नव्हतं. आईलाही विचारलं नव्हतं. तिला आता विचारता येत नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मी मोरिता-सानना फोन केला आणि विचारलं, की उद्या सकाळी बस सुटायच्या आधी आम्हा दोघांना अर्धा तास जुन्या गावात जाता येईल का. पुन्हा उशीर होणार नाही, म्हटलं. त्या म्हणाल्या, विचारून सांगते. कुणाला विचारणार होत्या ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

चौथा दिवस: सकाळ

हॉटेलच्या दारात सगळे सतराजण उभे होते. टोप्या, हातमोजे. ओकुबो-साननी नवं वेळापत्रक बनवून सगळ्यांना वाटलं होतं. त्यात 'भिंत' अशी एक ओळ होती, पुढे पंचवीस मिनिटं.

ती बाई येऊन काम करत होती. नुरिया तिचं नाव, ते मोरिता-साननी विचारून सांगितलं. आप्पांचा अर्धा सांधा तिने भरला नव्हता. त्यावर ओलं पोतं टाकून ठेवलं होतं, वाळू नये म्हणून. आप्पांनी पोतं उचलून बघितलं आणि तिच्याकडे बघून मान हलवली. तिने थापी उलटी धरून, मूठ पुढे करून दिली.

मी त्या दिवशी पहिल्यांदा वडिलांना काम करताना पूर्ण बघितलं. लहानपणी बघितलं असेल, पण तेव्हा मला शाळेत जायची घाई असायची. चुना ते भरत नाहीत, आत ढकलतात. थापीच्या टाचेने दाबतात, मग कान भिंतीजवळ नेऊन थापीच्या मुठीने हलकेच ठोकतात. पोकळ वाजलं की काढून पुन्हा. दोनदा पोकळ वाजलं असावं, आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही, नुरियाला आलं. तिने न सांगता पाणी मारलं. गल्लीत सतरा माणसं गप्प उभी होती. वरच्या खिडकीतून एक म्हातारी खाली बघत होती, तिलाही काही विचारावंसं वाटलं नाही.

सांधा झाला. आप्पांनी थापी धुऊन, पुसून, मूठ पुढे करून परत दिली. नुरियाने ओल्या चुन्यावर कोपऱ्यात बोटाने काहीतरी कोरायची खूण केली, नाव वगैरे. आप्पांनी हात हलवून नको म्हटलं. आमची बस दोन मिनिटं आधी सुटली.

परत

ऑफिसात मी बदामाच्या लाद्या कापून, कागदात एकेक बांधून वाटल्या. बायकोला मी सगळं सांगितलं तर तिने बारवेचं नाव मी घ्यायच्या आधीच घेतलं. तिला दिवाळीतच माहीत होतं. अर्णवलाही माहीत होतं, आजोबा गावी विहीर बांधणार आहेत, असं त्याने मला जपानीत सांगितलं. टेबलावरचा अर्ज मी कागदाच्या कचऱ्यात टाकला, मंगळवारी, कागदाचा दिवस असतो.

जूनमध्ये आप्पा गेले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्यांचं कार्ड घेतलं, यंत्राने त्याला एक भोक पाडलं आणि आठवण म्हणून दोन्ही हातांनी परत दिलं. रांगेत उभ्या असलेल्या आप्पांनी मागे वळून एकदा बघितलं, आणि मी हात वर केला. सांगण्यासारखं एवढंच.

बारवेचं काम दसऱ्यानंतर सुरू झालं. आप्पांचा व्हिडिओ फोन रविवारी येतो. तो ते कुठेतरी दगडावर टेकवून ठेवतात, त्यामुळे मला त्यांचं तोंड दिसत नाही, भिंतीचा एक तुकडा दिसतो आणि त्यावर फिरणारा हात. इतकी वर्षं फोनवर ते मला एकच विचारायचे, जेवलास का. परवा त्यांनी हात न थांबवता विचारलं, "तुझं काम कुठवर आलंय?"

मी म्हटलं, सोमवारी द्यायचंय, अजून थोडं राहिलंय.

"मग ठेव की फोन," आप्पा म्हणाले. "माझा माल वाळतोय."

मी ठेवला.